गोठलेले ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड कसे वितळवावे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कुठे ठेवावे?

प्रश्न – प्रयोगशाळा सहायक, नागपूर

नमस्कार. येथील एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत मी गेल्या जूनपासून काम करते. जानेवारीतल्या एका सकाळी ग्लेशियल (म्हणजे जवळजवळ निर्जल) ॲसेटिक ॲसिडची अडीच लिटरची काचेची बाटली कपाटातून काढली, तेव्हा आतील द्रव पातळच होता. ओट्यावर टेकवताच तो पाहता पाहता गोठला. प्रात्यक्षिकाची वेळ झाली असल्याने एका सहकाऱ्यांनी बाटली हॉट प्लेटवर ठेवण्यास सुचवले. मी ते होऊ दिले नाही, परंतु कारण मला नीट सांगता आले नाही. आमच्याकडे हे आम्ल नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांसोबत एकाच कपाटात असते आणि कोठीवर टिनाचे छत आहे. बाटली वितळवण्याची योग्य रीत कोणती, आणि एप्रिलपूर्वी कोठीत काय बदलावे?

उत्तर १ – निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक

ताई, आपण थांबवलेत ते फार योग्य केलेत. हे आम्ल १६.६ अंश सेल्सिअसला गोठते, मात्र हलवले नाही तर त्याहून थंड होऊनही काही काळ द्रवच राहते आणि लहानशा धक्क्याने एकदम घट्ट होते. आपण पाहिलेत ते हेच. गोठताना ते आकुंचन पावते, म्हणजे वितळताना प्रसरण पावते. हॉट प्लेटवर तळाचा थर आधी वितळतो, वर घट्ट गोळा तसाच राहतो, आणि प्रसरणाला वाट न मिळाल्याने आधीच असमान तापलेली काच तडकू शकते. झाकण किंचित सैल करून बाटली फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात), कोमट पाण्याच्या पसरट भांड्यात उभी ठेवावी. घाई नसेल तर तेही नको, कारण आपल्याकडे जानेवारीतही दुपारी खोली पुरेशी उबदार होते.

कपाटाची बाब मला अधिक गंभीर वाटते. ‘ॲसिड’ या नावामुळे सगळी आम्ले एकत्र ठेवली जातात, परंतु ॲसेटिक आम्ल हे जळणारे सेंद्रिय द्रव्य आहे आणि नायट्रिक आम्ल तीव्र ऑक्सिडीकारक, म्हणजे इतर पदार्थांना जळायला मदत करणारे, आहे. दोन्ही बाटल्या फुटून मिसळल्यास आग किंवा स्फोट होऊ शकतो. क्रोमिक आम्ल, परमँगनेट व पेरॉक्साइडही त्याच्यापासून दूर हवेत. ॲसेटिक आम्लाचा ज्वलनांक (फ्लॅश पॉइंट) सुमारे ३९ ते ४० अंश आहे, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा टिनाखालची कोठी हा आकडा सहज ओलांडते. त्या तापमानाला त्याच्या वाफा ठिणगीने पेटतात. त्या हवेहून जड असल्याने खाली साचतात, म्हणून जमिनीलगत ठेवलेल्या साध्या कूलरची मोटर तिथे नको. बाटली तळमजल्यावरील सावलीच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये हलवावी.

उत्तर २ – बुटीबोरीतील एका कारखान्यात सुरक्षेचे काम पाहणारा

सरांच्या म्हणण्याला हातमोज्यांची जोड देतो. घरच्या विनेगारमध्ये हे आम्ल चार-पाच टक्के असते, तर ग्लेशियलमध्ये ९९ टक्क्यांहून अधिक, पण वास ओळखीचा असल्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पातळ लॅटेक्सच्या मोज्यातून ते लवकर आत शिरते. ब्यूटाइल रबराचे मोजे वापरावेत आणि डोळ्यांना बाजू बंद असलेला गॉगल हवा. आमच्या एका कामगाराच्या मनगटावर थोडे आम्ल सांडले होते. सुरुवातीला विशेष जळजळ झाली नाही म्हणून त्याने नुसते पुसले आणि संध्याकाळी तिथे फोड आले. भिजलेले कपडे काढून ताबडतोब किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावे. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून धुवावे व डॉक्टरांकडे न्यावे. त्वचेवर सोडा चोळू नये.

एक गोष्ट आवर्जून तपासा. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी इतके तापते की त्याखाली १५ मिनिटे डोळा धरणे अशक्य होते. सावलीतल्या टाकीची जोडणी उन्हाळ्यापूर्वीच करून घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपले दोघांचे मनापासून आभार. नायट्रिक आम्ल आजच वेगळ्या कपाटात हलवले. नळाचे पाणी मी दुपारी कधी पाहिलेच नव्हते. जमिनीवर थोडे सांडले तर सोडा चालेल का?

उत्तर १ – निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक

जमिनीवर चालेल. खिडक्या उघडून, मोजे व गॉगल घालून, खाण्याचा सोडा कडेकडून मध्याकडे थोडा थोडा टाकावा. फसफस पूर्ण थांबल्यावरच पुसावे. लाकडाचा भुसा मात्र वापरू नये, कारण तो स्वतःच जळणारा आहे.