कुत्र्याचं पिल्लू दोन मिनिटांच्या वर एकटं राहत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात त्रिमूर्ती नगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमचा मोती साडेतीन महिन्यांचा, देशी. मी घरात असले की शहाण्यासारखा झोपतो, पण दाराला कुलूप लागलं की केकाटणं सुरू. काल शेजारच्या काकू म्हणाल्या, पाऊण तास रडत होता. तक्रार नाही केली त्यांनी, पण त्यांच्याकडे आजारी आजोबा आहेत. फार वाईट वाटलं.

किल्ल्या उचलून परत ठेवायच्या, चप्पल घालून नुसतंच सोफ्यावर बसायचं, हे आठवडाभर केलं. फरक पडला, आता किल्लीच्या आवाजाला तो उठत नाही. मग दाराबाहेर १० सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, आणि तो रडायच्या आत परत. २ मिनिटांपर्यंत जमतं, त्यापुढे गाडी अडली आहे. निघण्याआधी फिरवून आणते, रबराच्या पोकळ खेळण्यात दहीभात भरून देते. कूलर चालू ठेवला की जिन्यातले आवाज त्याला कमी ऐकू येतात, तेवढाच आधार. रागवत नाही, तो घाबरून रडतो, हट्टानं नाही.

पुढच्या महिन्यापासून मला रोज ४ तास बाहेर जावं लागणार. २ मिनिटांनंतर तुम्ही वेळ कशी वाढवली? एखाद्या दिवशी बिनसलं तर किती मागे यायचं? आणि सराव पक्का होईपर्यंत दिवसा पिल्लू सांभाळणारं विश्वासाचं कोणी प्रतापनगर, खामला भागात आहे का? सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात अशा सवयींसाठी कोणी दाखवलं असेल तर तेही सांगा.