मदत हवी आहे: सीईटीला ९४ पर्सेंटाइल, ऑप्शन फॉर्म (कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाची यादी) कसा लावावा? (तासगाव)

नमस्कार मंडळी. मुलीला एमएचटी-सीईटी (इंजिनिअरिंगची राज्याची प्रवेश परीक्षा), पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटात ९४.३ पर्सेंटाइल आहेत. बारावी तासगावातूनच. प्रवर्ग ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. तिला कॉम्प्युटर हवंय, शक्यतो सांगलीच्या वालचंदला. नाहीतर कराडचं शासकीय किंवा राजारामनगरचं आरआयटी. फॉर्म भरून देणारे म्हणतात, जे हमखास मिळेल ते एक नंबरला टाका, सीट हातची जात नाही. हे बरोबर आहे का? जात पडताळणीची सध्या फक्त पावती आहे. टीएफडब्ल्यूएसचं (शिक्षण शुल्क माफीच्या जागांचं) काय करावं?

येरळाकाठ
एक नंबरचा तो सल्ला कृपा करून ऐकू नका, त्यानेच सर्वात जास्त नुकसान होतं. २०२५-२६ च्या नियमांनुसार कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) चार फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं मिळालं, दुसरीत पहिल्या तिनांतलं, तिसरीत पहिल्या सहांतलं, की सीट आपोआप फ्रीज होते. ती घ्यावीच लागते. नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे हमखास मिळणारं कॉलेज वर टाकलंत, तर पहिल्याच फेरीत मुलगी तिथे अडकेल आणि नंतर वरचं काही रिकामं झालं तरी उपयोग नाही.

क्रम मनातल्या आवडीचा लावा. खालचं कॉलेज दहाव्या क्रमांकावर आहे म्हणून तिथली संधी कमी होत नाही. वरचं काही मिळालं नाही तर मेरिटप्रमाणे तेच मिळतं. ३०० पर्यंत पर्याय देता येतात, तेव्हा यादी आखडती नको.

अजिंक्यतारा
खरं सांगायचं तर वालचंदच्या कॉम्प्युटरला ९४ कमी पडतात. तरी वर ठेवा, त्यात तोटा नाही. तिथल्या इतर शाखा आणि कराड मात्र मनापासून विचारात घ्या. मेकॅनिकल, सिव्हिल म्हणजे नापास झाल्यासारखं नाही.

मागच्या वर्षीची कटऑफ यादी सीईटी सेलच्या साइटवर असते. प्रत्येक फेरीची वेगळी पाहा, आणि पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबरही पाहा. यादीतल्या जागांच्या कोडमध्ये सुरुवातीचं जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (आपल्या भागातलं विद्यापीठ), ओ म्हणजे बाहेरचं विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. वालचंद आणि कराडला एस दिसेल, तिथे सांगली-साताऱ्याचं म्हणून झुकतं माप नाही. तुमच्या मुलीसाठी ओपन, ओबीसी, आणि दोन्हींच्या एल, अशा चारही ओळी लागू आहेत. बरेच जण फक्त ओबीसीची एकच ओळ वाचून हताश होतात.

येरळाकाठ
टीएफडब्ल्यूएसला स्वतंत्र कोड असतो, शेवटी टी. आठ लाखांच्या आतले सर्व प्रवर्ग तिथे एकत्र, म्हणून कटऑफ बहुधा ओपनपेक्षाही वर जातो. त्यातून घेतलं की पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. २०२४-२५ पासून ओबीसी मुलींना याच उत्पन्नमर्यादेत कॅपमधून आलेल्या साध्या सीटवरही शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज करून. त्यामुळे फीसाठी टी कोड वर घालू नका, पहिल्या तिनांतली जागा उगाच जाते.

अजिंक्यतारा
पावतीवर फॉर्म भरता येतो, पण वैधता प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत अपलोड झालं नाही तर अर्ज ओपनमध्ये जातो. सांगलीच्या पडताळणी समितीकडे त्रुटी निघाली आहे का ते आधी ऑनलाइन पाहा. वडिलांकडच्या नात्यात कुणाची वैधता झालेली असेल तर तीही जोडा. नॉन-क्रिमीलेअरही तपासा, ते प्रवेशवर्ष संपणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं.

धागाकर्ता
मनापासून आभार. समजा पहिल्या फेरीत चौथ्या पसंतीचं मिळालं, तर दुसऱ्या फेरीत तीच यादी पुन्हा भरायची का?

येरळाकाठ
नाही. आधी सीट स्वीकारा, हजार रुपये भरा आणि बेटरमेंट (पुढच्या फेरीत याहून चांगल्यासाठी प्रयत्न) निवडा. मग दुसऱ्या फेरीच्या फॉर्ममध्ये हातातल्या सीटपेक्षा खरोखर चांगलेच पर्याय टाका. त्यातलं काहीही मिळालं की जुनी सीट आपोआप रद्द होते, मागे फिरता येत नाही. आणि फॉर्म नुसता सेव्ह करून ठेवू नका, लॉग-इन करून शेवटपर्यंत कन्फर्म करा आणि त्याची प्रिंट काढून ठेवा. ही प्रक्रिया मुलीनेच करावी. ओटीपी आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देऊ नका. यंदाची माहितीपुस्तिका आली की ऑटो-फ्रीजचं पान पहिलं वाचा, आकडे बदललेले असू शकतात.