खानदेशात कमी खर्चाची मोटार-शर्यत असावी की नसावी?

धागाकर्ता, जळगाव (गॅरेजचालक)

जळगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ माझे गॅरेज आहे. तेथे काम शिकणारी चार मुले दिवसभर गिऱ्हाइकांच्या गाड्या करतात आणि रात्री आठनंतर भंगारातून आणलेल्या एका मारुती ८०० पाशी बसतात. परवा त्यांनी तिचे इंजिन उतरवले. तिन्ही पिस्टन वर्तमानपत्रावर ओळीने मांडून प्रत्येकाजवळ खडूने क्रमांक टाकला होता, आणि पिस्टनची रिंग सिलिंडरमध्ये बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली जात असताना चौघांपैकी एकही बोलत नव्हता. इतक्या निगुतीने बांधलेली गाडी त्यांना पळवून बघायची आहे आणि त्यासाठी त्यांच्यापुढे बायपासशिवाय दुसरी जागा नाही, ही माझी खरी काळजी आहे.

माझा प्रस्ताव असा आहे. गाडी आणि इंजिनाचे काम मिळून ५०,००० रुपयांची मर्यादा घालावी. हेल्मेट, सीटचे पट्टे, गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा आतला पोलादी पिंजरा, ब्रेक आणि टायर यांचा खर्च मात्र त्या मर्यादेबाहेर ठेवावा. अमेरिकेत २००६ पासून ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स’ या नावाने ५०० डॉलरच्या गाड्यांच्या शर्यती होतात, त्यांतही सुरक्षेचा खर्च असाच वेगळा धरतात. आपण मात्र गाड्या एकमेकींशेजारी पळवूच नयेत. मोकळ्या मैदानावर शंकू मांडून एका वेळी एकच गाडी सोडावी आणि घड्याळ लावावे. यालाच ऑटोक्रॉस म्हणतात.

मारुती ८०० ही १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षे बनत होती आणि तिचे ७९६ सीसीचे इंजिन आपल्याकडचा कोणताही मिस्तरी खोलू शकतो. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस याच गाडीचे इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती या शर्यतीच्या एकआसनी गाड्या उभ्या केल्या. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, सुरुवातीला याच गाड्यांतून शर्यती करत असे.

प्रतिसाद, धुळे (परिचारिका)

दादा, मुलांविषयीची तुमची कळकळ मला समजते, तरीही माझा विरोध आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग आमच्या धुळ्याजवळ एकमेकांना भेटतात, आणि अपघात विभागात मी बारा वर्षे काम केले आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे मी पुस्तकाआधी बरगड्यांवर पाहिले. रात्री दोन वाजता आलेल्या मुलाच्या खिशात गॅरेजची चावी असते आणि नखांत ग्रीस असते; त्याच्या आईला काय सांगायचे, हे मला आजतागायत जमलेले नाही.

तुमची ५०,००० ची मर्यादाही मला पटत नाही. पिंजरा, पट्टे आणि चांगले हेल्मेट यांचा खर्च गाडीच्या किमतीजवळ जाईल. तो मर्यादेबाहेर ठेवला म्हणजे गरिबाची शर्यत नावापुरती गरिबाची राहिली, आणि ज्याच्याजवळ पैसा नाही तो नेमका हेल्मेटवरच काटकसर करील. कार्तिकेयनचे उदाहरण देताना त्याचे वडील स्वतः रॅलीतले नामवंत चालक होते, हेही सांगायला हवे होते. तुमच्या चार मुलांच्या मागे कोण उभे आहे?

प्रतिसाद, भुसावळ (निवृत्त वेल्डर)

ताईंचे म्हणणे मला अर्धे मान्य आहे, कारण वाईट पिंजरा हा पिंजरा नसण्यापेक्षा घातक असतो. आपल्याकडे खाटा आणि शेड बनवायला जो शिवणीचा, म्हणजे पत्रा वळवून लांबीभर जोडलेला पाइप मिळतो, त्याचा पिंजरा कोणी करू नये. बिनशिवणीचा पाइपच घ्यावा. दुसरे असे की ८०० चा तळपत्रा दाराखाली आणि मागच्या चाकाजवळ हमखास गंजलेला असतो. पाइप थेट त्या पत्र्याला जोडला, तर गाडी उलटल्यावर तो सुईसारखा पत्र्यातून खाली जातो. आधी गंज कापून नवा पत्रा भरावा, त्यावर जाड पट्टी बसवावी आणि मगच पिंजऱ्याचा पाय उभा करावा. हे काम मी शिकवायला तयार आहे आणि त्यासाठी मला मजुरी नको.

तरीही धागाकर्त्यांनी कायद्याची बाजू सोडून दिली, हे बरे झाले नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाजोगे बदल करून ती रस्त्यावर आणता येत नाही आणि कलम १८९ प्रमाणे परवानगीवाचून रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. त्यामुळे ती गाडी टेम्पोवर घालूनच मैदानात न्यावी लागेल. शिवाय मोटारक्रीडेची राष्ट्रीय संस्था आहे. तिची मान्यता घेतल्याशिवाय घड्याळ लावू नये.

प्रतिसाद, शहादा (शेतकरी)

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे लहानपणापासून बघितलेल्या माणसाला शर्यतीची ओढ समजावून सांगावी लागत नाही. बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. ओढ बंदीने गेली नाही, म्हणून अटी लिहाव्या लागल्या; गाड्यांचेही तसेच व्हावे.

जागेविषयी मात्र कोणी बोलले नाही. कापूस निघाल्यावर रान मोकळे होते खरे, पण आमची काळी माती एप्रिलमध्ये अशी फाटते की भेगेत मनगट जाते. त्यात १२ इंची चाक अडकले तर गाडी तिथल्या तिथे उलटेल. मैदान मुरमाचे, रोलर फिरवलेले आणि पाणी मारलेलेच हवे.

प्रतिसाद, धुळे (परिचारिका)

वेल्डरकाकांनी पिंजऱ्याचे आणि आप्पांनी जमिनीचे सांगितले, त्याबद्दल आभार. माझा विरोध संपलेला नाही. रुग्णवाहिका मैदानाच्या फाटकाशी चालकासह उभी राहणार आहे का, आणि ती कोणाच्या पैशाने, याचे उत्तर अजून आलेले नाही.

धागाकर्ता, जळगाव

ताई, तुमचा मुद्दा मी धागा काढताना धरायला हवा होता. मी प्रस्ताव बदलतो. प्रत्येकाने स्वतःचा पिंजरा करण्याऐवजी सगळ्यांनी वर्गणी काढून एकच गाडी बांधावी, तीच सर्वांनी आळीपाळीने चालवावी आणि दोन चांगली हेल्मेटेही सामाईक असावीत. त्यामुळे सुरक्षेचा खर्च एकदाच होईल आणि कोणाला हेल्मेटवर काटकसर करावी लागणार नाही. रुग्णवाहिकेचे भाडे प्रवेश शुल्कातून आधी भरले जाईल. ती फाटकाशी आली नाही, तर त्या दिवशी इंजिन सुरू होणार नाही.

काका, रविवारी मी चौघांना घेऊन भुसावळला येतो. तळपत्रा कापून झालेला आहे आणि दाराखाली खरोखरच हात जाईल एवढे भोक निघाले. आप्पा, तुमच्याकडे तापीकाठी मुरमाची पडीक जमीन कोणाची असेल, तर तेवढे विचारून ठेवा.