इतक्या लवकर गॅलेक्सी बनली कशी?

बर्डीवाला: रमण सायन्स सेंटरच्या तारांगणातून आलो तेव्हापासून डोक्यात किडा वळवळून राहिला, बिग बँगनंतर 30 कोटी वर्षांतच गॅलेक्सी तयार, काहून एवढी घाई?

धरमपेठ77: डार्क मॅटरमुळे भाऊ, म्हणजे न दिसणारा पण ओढ असलेला पदार्थ. त्याचे गोळे आधी जमले, मग हायड्रोजन-हेलियम त्यांच्या ओढीनं आत पडला, थंड झाला अन् तारे पेटले. छोट्या गॅलेक्सी पुढं एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या.

निरी_चौक: जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीनं शोधलेल्या जेड्स-जीएस-झेड14-0 या तेवढ्याच जुन्या गॅलेक्सीत चिलीतल्या अल्मा रेडिओ दुर्बिणीला ऑक्सिजन पण दिसला, 2025 ची बातमी आहे. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटातच बनतो, म्हणजे तिथं ताऱ्यांची एक पिढी आधीच मरून गेली होती ना! माह्या मते हे जास्त भारी आहे.

बर्डीवाला: मग बिग बँग चुकलं म्हणतात ते?

धरमपेठ77: काही नाही बे, व्हाट्सअपवाले. या गॅलेक्सी शास्त्रज्ञांच्या मॉडेलपेक्षा जास्त चमकदार निघाल्या एवढंच.