प्रतिसाद: शालेय बुद्धिबळ स्पर्धा बाद पद्धतीने नको

वेळ वाचावा म्हणून स्पर्धा बाद पद्धतीने घ्यावी, असं वर सुचवलंय. कृपया तसं करू नका. ६४ मुलं आली तर पहिल्याच फेरीनंतर ३२ जणांनी घरी जायचं, आणि त्यात बहुतेक नवशिकीच असतात. त्यांनाच तर जास्त डाव मिळायला हवेत!

स्विस पद्धतीत कोणीच बाद होत नाही. दर फेरीला समान गुणांची मुलं समोरासमोर येतात, त्यामुळे दोन डाव हरलेल्या मुलालाही तिसऱ्यात आपल्या तोडीचा भिडू मिळतो. ६४ मुलांना सहा फेऱ्या पुरतात. प्रत्येकी १५ मिनिटं दिली तर एक फेरी अर्ध्या तासात संपते; जोड्या लावायचा वेळ धरूनही चार-साडेचार तासांत सगळं आटोपतं. संख्या विषम असेल तर तळाच्या मुलाला बाय (म्हणजे त्या फेरीत न खेळताच गुण) द्या, पण एकाच मुलाला दोनदा नको.

मुलींसाठी बक्षिसं वेगळी ठेवा, पण खेळ एकत्रच होऊ द्या. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तो अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून. आपल्याकडच्या मुलींना निदान शाळेच्या पातळीवर तरी सगळ्यांशी खेळायला मिळावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि पालकांना हॉलबाहेर बसवा. पहिल्या फेरीआधी पंचांनी ‘हात लावला ते मोहरं हलवायचंच’ हा नियम पटावर करून दाखवावा. लहान गटात रडारड होते ती बहुतेक वेळा यावरूनच.