बीजपत्रातल्या शिरांना ‘जाळी’ म्हणावं का?

प्रश्न : रोपाच्या पहिल्या दोन पानांना काही ठिकाणी ‘बीजपत्र’, काही ठिकाणी ‘बीजदल’, तर काही ठिकाणी नुसतं ‘दल’ लिहिलेलं दिसतं. नेमकं काय लिहावं? आणि त्यांतल्या शिराविन्यासाला, म्हणजे शिरांच्या मांडणीला, ‘जाळीदार’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : ‘बीजपत्र’ लिहा. नुसतं ‘दल’ लिहू नका, त्याचा अर्थ पान किंवा पाकळीही होतो. ‘द्विदल’ हा शब्दही जपून वापरायला हवा. बोलीत त्याचा अर्थ कडधान्य, वनस्पतिशास्त्रात मात्र मोहरी आणि कापूसही द्विदलच. शास्त्रीय मजकुरात ‘द्विबीजपत्री’ लिहिलं की घोळ उरत नाही.

उत्तर : पण ‘पहिली दोन पानं म्हणजे बीजपत्रं’ हे सरसकट खरं नाही. मुगाची बीजपत्रं जमिनीवर येतात, हरभऱ्याची आणि वाटाण्याची खालीच राहतात. तिथे वर दिसणारं पहिलं पान हे खरं पान. मक्याचं एकुलतं बीजपत्र तर दाण्यातच असतं. त्यामुळे कशाच्या शिरा मोजल्या, ते आधी लिहावं.

उत्तर : आता ‘जाळीदार’बद्दल. खऱ्या पानाला तो शब्द शोभतो : मध्यशीर, तिला फुटलेल्या बाजूच्या शिरा, त्यांच्या उपशिरा आणि मध्येच संपणारी मोकळी टोकं. बीजपत्रात एवढं काही नसतं. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या, प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाचं बीजपत्र घ्या. एक मध्यशीर, तिच्या दोन्ही अंगांना वरच्या बाजूला एकेक बंद वळसा आणि त्याखाली आणखी एकेक. खालचे वळसे कधी बंद, कधी तळाशी उघडे. म्हणजे बंद घरं 2 ते 4. याला मी ‘वळसेदार’ म्हणेन, आणि शिरांनी वेढलेल्या तुकड्याला ‘घर’, बुद्धिबळाच्या पटावर म्हणतो तसं.

प्रश्न : वळसा उघडा आहे की अजून पुरा व्हायचा आहे, हे कसं ओळखायचं?

उत्तर : एकाच वयाची पुष्कळ रोपं बघून. शिरांचा आराखडा बीजातल्या भ्रूणातच ठरलेला असतो, पण त्यातल्या जलवाहिन्या उगवणीनंतर पक्क्या होतात. म्हणून कोवळ्या रोपात दिसणारी फट खरी नसू शकते. तुटलेल्या शिरेला ‘उघडी’ म्हणू नका. ‘खंडित’ वेगळं, ‘उघडी’ वेगळं.

शिरा नीट दिसाव्यात म्हणून बीजपत्र पारदर्शक करायला ते 3 भाग इथेनॉल आणि 1 भाग असेटिक आम्ल यांत रात्रभर ठेवा, मग 70 टक्के इथेनॉलमध्ये. शेवटी 8 ग्रॅम क्लोरल हायड्रेट, 1 मिलिलिटर ग्लिसरॉल आणि 2 मिलिलिटर पाणी यांच्या द्रावात. क्लोरल हायड्रेट विषारी आहे, हातमोजे घाला. घाईत इथेनॉल बदललं नाही तर हिरवेपणा राहतो आणि बारीक शिरा दिसत नाहीत. काचेखाली हवेचा बुडबुडा अडकला की त्याची कड थेट शिरेसारखी चमकते. काळ्या पार्श्वभूमीवर ही फसगत हमखास.

उत्तर : एक पुरवणी. जाळीदार म्हणजे द्विबीजपत्री आणि समांतर म्हणजे एकबीजपत्री, हा ठोकताळा आहे, व्याख्या नव्हे. अळू एकबीजपत्री आहे आणि त्याच्या पानात जाळी स्पष्ट दिसते. शिवाय गवताच्या समांतर शिरांनाही आडव्या बारीक शिरा जोडतात. पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहा.

प्रश्न : मग मी ‘बीजपत्रातला वळसेदार शिराविन्यास’ असं लिहितो.

उत्तर : लिहा, फक्त पहिल्यांदा वापराल तिथे कंसात ‘बंद घरं 2 ते 4’ द्या. शब्द नवा आहे.