संडे स्कूलच्या लहान वर्गात (वय ३ ते ५) वचने पाठ करून घ्यावीत का?

प्रश्न

जय ख्रिस्त. नाशिकमध्ये शरणपूर रस्त्याच्या परिसरातील एका मंडळीत (चर्चमध्ये) गेल्या जूनपासून मी संडे स्कूलचा सर्वांत लहान वर्ग घेत आहे. तीन ते पाच वर्षांची चौदा मुले आहेत. उपासनेतील दुसरे गीत संपले की ती बाजूच्या खोलीत येतात आणि पुढचा पाऊण तास माझ्याजवळ असतात. आधीपासूनच्या पद्धतीप्रमाणे महिन्याला बायबलमधील दोन वचने पाठ करून घेणे, चित्र रंगवणे आणि शेवटी प्रार्थना, असा क्रम मीही चालू ठेवला.

नाताळच्या कार्यक्रमात चार वर्षांची एक मुलगी स्तोत्र २३ मधील पहिले वचन म्हणायला उभी राहिली. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ इतके तिने नीट म्हटले, पण ‘मला काही’ म्हणून ती थांबली. ‘उणे’ हा शब्द तिला आठवेना. मी मागून तीनदा तो शब्द सांगितला आणि प्रत्येक वेळी माझा आवाज थोडा चढत गेला, हे मला नंतर जाणवले. फ्रॉकचा काठ मुठीत घट्ट धरून ती तशीच उभी राहिली आणि मग रडू लागली. तेव्हापासून ती आईचा हात सोडून वर्गात येत नाही.

त्या दिवशी चूक मुलीची नव्हती, माझी होती. आता ईस्टरसाठी पुन्हा वचने बसवावीत, असे समितीचे म्हणणे आहे. या वयाच्या मुलांना काय शिकवावे, कसे शिकवावे आणि समितीला काय सांगावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ (निवृत्त बालवाडी शिक्षिका, देवळाली)

ताई, ‘उणे’ हा शब्द त्या मुलीने घरात, शाळेत किंवा अंगणात कधी ऐकला असेल का, एवढाच विचार करून पाहा. आपली बहुतेक मुले आता इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जातात. त्यांच्यासाठी पवित्र शास्त्राची मराठी ही जवळजवळ नवी भाषा आहे. अर्थाचा आधार नसलेला शब्द मूल केवळ आवाज म्हणून धरून ठेवते आणि समोर शंभर माणसे दिसली की तो सुटतो.

मी चाळीस वर्षे याच वयाच्या मुलांमध्ये काढली. माझे ठाम मत असे आहे की महिनाभर एकच गोष्ट घ्यावी. मोठ्यांना तीच ती गोष्ट कंटाळवाणी वाटते. मुलांना मात्र पुढे काय होणार हे ठाऊक असण्यातच आनंद असतो. लूकच्या पंधराव्या अध्यायातील हरवलेल्या मेंढराची गोष्ट घ्या. शंभर ही संख्या या वयात कळत नाही, म्हणून कापडाची दहा मेंढरे शिवा, शक्य असल्यास मुलांच्या आजींकडून शिवून घ्या. पहिल्या रविवारी गोष्ट सांगू नका. एखादी खरी घोंगडी आणा, मुलांना तिच्यावर हात फिरवू द्या, तिचा वास घेऊ द्या आणि ही लोकर कुणाच्या अंगावर होती, ते विचारा. नाशिकच्या आसपास पीक निघाल्यावर शेतकरी धनगरांना सांगून शेतात मेंढ्या बसवतात, ते गावी जाणाऱ्या काही मुलांनी पाहिलेले असते. त्यांना बोलू द्या. दुसऱ्या रविवारी गोष्ट सांगा. तिसऱ्या रविवारी एक मेंढरू खोलीत लपवा आणि सर्वांनी मिळून शोधा. ते सापडल्यावर मुले आपण होऊन टाळ्या वाजवतात. स्वर्गात आनंद होतो असे प्रभूने म्हटले, ते तेव्हा वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तूंतून शिकवण्याचा मार्ग धरला. रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती यांनी १९५४ पासून माँटेसरी पद्धतीने धर्मशिक्षण दिले, त्यातही उत्तम मेंढपाळ आणि त्याची लाकडी मेंढरे मुलांच्या हाती दिलेली असतात. आपल्याला घोंगडीपासून सुरुवात करता येईल.

उत्तर २ (मंडळीतील एक आजोबा, नाशिक रोड)

बाईंच्या अनुभवाचा आदर राखून थोडे वेगळे मांडतो. पाठांतर सोडू नये. माझी आई शेवटच्या आजारात माणसे ओळखत नव्हती, पण तेविसावे स्तोत्र सुरू केले की तिचे ओठ हलत असत. लहानपणी कानावर पडलेले ते शब्द होते. मात्र ते तिला कुणी रंगमंचासाठी शिकवले नव्हते. तिची आजी रोज रात्री अंथरूण घालताना ते म्हणत असे. तीमथ्याच्या विश्वासाचा उल्लेख करताना पौलाने त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतली, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे. म्हणून वचन घरी द्यावे, आईवडिलांनी ते निजताना म्हणावे, आणि वर्गात ते गाऊन घ्यावे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ओवी-अभंगांच्या चालींतून ख्रिस्ती भक्ती घराघरांत नेली. त्या चालीवर लहान मूल आपोआप डोलू लागते.

समितीला एक गोष्ट जरूर सांगा. १८५४ मध्ये शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभी राहिली, तेव्हा तिथे अनाथ मुलांना आणि पुढे गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आधी आसरा मिळाला आणि त्यासोबत शिक्षण मिळाले. ज्या मुलीला आपल्या खोलीत यायचीच भीती वाटते, तिला आधी आसरा द्यायला हवा. ईस्टरला सर्व मुलांनी एकत्र, तुमच्या शेजारी बसून एक गीत म्हणावे. माइक नको.

उत्तर ३ (परिचारिका आणि दोन मुलांची आई, सिडको)

त्या मुलीविषयी लिहिते. आईला बाहेर पाठवण्याची घाई करू नका. आईची सतरंजी पहिल्या रविवारी मुलीच्या शेजारी असू द्या, पुढच्या रविवारी भिंतीजवळ, त्यानंतर दाराजवळ. मुलीने मागे वळून पाहिले की आई दिसली पाहिजे. किती आठवडे लागतील, ते मुलीलाच ठरवू द्या. शिवाय, तुमचा आवाज चढला होता, हे तिला तिच्या उंचीवर खाली बसून सांगा आणि माफी मागा. चार वर्षांच्या मुलाला माफी कळते.

दुसरी बाब सुरक्षिततेची आहे. चौदा मुलांजवळ एकटी व्यक्ती कधीही असू नये. दोन मोठी माणसे असावीत आणि खोलीचे दार उघडे असावे. मूल ज्याने सोडले त्याच्याच, किंवा त्याने नेमून दिलेल्या माणसाच्या हाती परत द्यावे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा चर्चच्या खोलीलाही लागू आहे आणि अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. खाऊ देण्यापूर्वी शेंगदाणे, दूध कुणाला चालत नाही, याची पालकांकडे चौकशी करून ठेवावी.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आजोबा, आपले म्हणणे मी पाळक साहेबांच्या कानावर घातले; एकत्र गीताला त्यांची संमती आहे, समितीपुढे विषय पुढच्या बैठकीत येईल. दुसऱ्या मदतनीस म्हणून युवक संघातील एका ताईंनी होकार दिला आहे. घोंगडी माझ्या सासऱ्यांकडे आहे, दिंडोरीहून शनिवारी येईल. काल संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेले होते. मी जमिनीवर बसून माफी मागितली, तेव्हा ती काही बोलली नाही. पण कापडाचे अर्धवट शिवलेले मेंढरू मी पिशवीतून काढले, तेव्हा तिने ते घेतले आणि त्याला कान का नाहीत, असे विचारले. कान तिनेच रंगवायचे ठरले आहे.